नव्या घराभोवती बाग करायचीय? मग झाडं सगळ्यात शेवटी आणा

बंगल्याचा नाहीतर रो-हाउसचा ताबा मिळाला की पहिल्याच रविवारी नर्सरी गाठायची, डिकीत मावतील तेवढी फुललेली झाडं कोंबायची आणि जागा दिसेल तिथे खड्डा मारून लावून टाकायची, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत. दिवाळीपर्यंत दिसतंही छान. मग एप्रिल येतो आणि निम्मी बाग वाळते, उरलेली एकमेकांच्या अंगावर चढते. म्हणून इथे क्रम उलटा सांगतेय: आधी ऊन, मग पाणी, मग माती, मग फरशी, मग मोठं झाड, मग झुडपं-वेली, आणि लॉन सगळ्यात शेवटी, किंवा नकोच.

डोळ्यासमोर घर ठेवलंय ते पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यातलं, म्हणजे देशावरचं. समोर साधारण २० बाय १५ फूट मोकळी जागा, बाजूला चार-पाच फुटांची पट्टी, मागे थोडंसं अंगण. कोकणवाल्यांनी पाण्याचा निचरा जास्त मनावर घ्यायचा आणि खताला हात सैल ठेवायचा, क्रम तोच.

आधी ऊन बघा

यंत्रबिंत्र काही नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता गच्चीतून खालचे फोटो काढून ठेवा, झालं. फक्त एकाच महिन्याच्या फोटोंवर विसंबू नका, सूर्य वर्षभरात बराच सरकतो. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीला दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो, मधल्या काळात तर थोडा उत्तरेलाच जातो. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. आता हिशोब करा. घर दुमजली, २२ फूट उंच धरलं आणि समोरची बाग उत्तरेला असली तर डिसेंबरात दुपारी घराची सावली २० फूट पुढे पडते, म्हणजे १५ फुटांचं अख्खं आवार थंडीभर सावलीत. अशा ठिकाणी लोक हौसेने गुलाब लावतात आणि मग खतं बदलत बसतात. खताचा दोष नसतो हो, झाडाला ऊनच नसतं.

ढोबळ नियम असा की फुलझाडं, फळझाडं, भाजी यांना रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. तीन-चार तास येत असेल तर अनंत, कामिनी, अबोली, हळद, आळू, गवती चहा चालतात. त्याहून कमी असेल तर पानांच्या शोभेवर समाधान मानायचं: फर्न, अग्लोनेमा, पीस लिली, मनी प्लांट, विड्याची वेल. आणि पश्चिमेची भिंत वेगळी नोंदवून ठेवा, एप्रिल-मेत ती संध्याकाळी सातलासुद्धा हाताला चटका देते, तिथे नाजूक काही टिकत नाही, पण बोगनवेल आणि चाफा तिथेच खूश असतात.

मग पाणी, दोन्ही बाजूंनी

दोन्ही बाजूंनी म्हणजे पाणी येणार कुठून आणि जाणार कुठे.

येण्याचं गणित सोपंय. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. समोरची ३०० चौरस फूट जागा म्हणजे २८ चौरस मीटर, म्हणजे रोजचे १४० लिटर, फक्त गवताला. सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होत असेल तर हा आकडा घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. झुडपांच्या वाफ्याला ड्रिप आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर बरंच कमी पाण्यात भागतं.

जाण्याची परीक्षा पावसाळ्याआधी घ्या. बागेत दोन-तीन ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्यायचा, काठोकाठ पाणी भरायचं, जिरू द्यायचं, परत भरायचं आणि आता घड्याळ लावायचं. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते म्हणून ते मोजायचं नाही, खरं काय ते दुसरं सांगतं. दोन-तीन तासांत जिरलं तर निश्चिंत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी तसंच असेल, वर मच्छर फिरत असतील, तर खाली चिकट काळी माती आहे नाहीतर रोलर फिरवून दाबलेला मुरूम आहे. मग दोनच उपाय: वाफे जमिनीपासून फूट-दीड फूट उचलून घ्यायचे, किंवा मुरमाचा थर टिकावाने फोडून काढायचा. हे न करता लावलेलं लिंबू दोन पावसाळे काढतं आणि मुळकूज होऊन जातं.

उतार घरापासून लांब जाणारा हवा, दहा फुटांना दीड-दोन इंच पुरे. वाफ्यातली माती जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान सहा इंच खाली ठेवा, नाहीतर भिंतीला ओल धरते आणि वाळवीला आयता जिना मिळतो.

कागदावर काढा, वेडंवाकडं चालेल

आलेख-कागद घ्या, एक चौकोन एक फूट. भिंती, दारं, खिडक्या, गेट, ड्रेनेजची चेंबर्स, जमिनीखालची टाकी, बोअर, मीटरचा खांब, एसीचं आउटडोअर युनिट, सगळं दाखवा. चेंबरचं झाकण विशेष करून, कारण त्यावर माती टाकून लॉन केलेली घरं मी पाहिलीत आणि चोकअप झाल्यावर प्लंबर पहारीने लॉन ठोकत झाकण शोधत असतो.

मग घरातल्या माणसांना विचारा की तिथे करायचंय काय. आजीला सकाळी पूजेची फुलं तोडायचीत, मग तगर, जास्वंद, पारिजातक दाराजवळ आणि वाट निसरडी नको. मुलांना खेळायचंय, मग मधली जागा मोकळी ठेवा. कपडे वाळत घालायची दोरी कुठे जाणार हे कुणी विचारत नाही आणि नंतर ती बरोबर सोनचाफ्याच्या फांदीला बांधली जाते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं ते गेटवरून दिसणाऱ्यापेक्षा महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे, गेटवरून बघणारा दोन मिनिटांत निघून जातो.

मातीवर पैसे खर्च करा

बिल्डरने ताबा देताना वर चार इंच लाल माती पसरलेली असते. ती बाजूला सारा. खाली विटांचे तुकडे, प्लास्टरचे ढेपे, सिमेंटच्या गोण्या, टाइल्सच्या कपच्या, कधी सबंध बूट. तो राडारोडा निदान वाफ्यांच्या जागेतून तरी दीड फूट खोल काढायलाच हवा. नुसता दिसायला वाईट म्हणून नाही, त्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, मग एक्झोराची आणि अनंताची नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. हे लक्षण ओळखून ठेवा. तिथे युरिया टाकून उपयोग नाही, चिलेटेड आयर्नची, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी आणि भरपूर सेंद्रिय खत हाच इलाज, किंवा मग ती झाडं कुंडीत लावायची.

माती ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २०० चौरस फुटांचे वाफे दीड फूट खोल भरायचे तर ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. हे गणित करूनच फोन लावा, नाहीतर समोरचा 'दोन डंपर लागतील' म्हणतो आणि आपण हो म्हणतो. मिश्रण ढोबळ: दोन पाट्या पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत, शिवाय मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. माती जड असेल तर भाताचं तूस मिसळा. आणि शेणखत कुजलेलंच, हातात घेतलं तर भुसभुशीत, काळपट, वास मातीचा. ओलं, गरम, शेणाचा वास मारणारं खत म्हणजे हुमणीला आमंत्रण, ती पांढरी गलेलठ्ठ अळी मुळं कुरतडते आणि वर झाड का मान टाकतंय ते कळत नाही.

वाट आणि फरशी झाडांच्या आधी

कारण गवंडी आला की तो लावलेल्या मोगऱ्यावरच सिमेंट कालवणार. मुख्य वाट तीन फुटांची करा, म्हणजे सिलेंडरवाला निवांत येईल. बागेत शिरायची आतली वाट दीड-दोन फूट पुरते. पाऊलफरश्या टाकायच्या तर एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत दोन फूट, चालून बघूनच पक्क्या करा, आईच्या पावलाने, तुमच्या नाही. शहाबादी फरशी स्वस्त आणि मस्त, फक्त पॉलिशची घेऊ नका, पावसात घसरगुंडी होते. अख्खं आवार पेव्हर ब्लॉकने झाकून टाकायचा मोह होईल, सगळे तेच करतात. पण खाली काँक्रीट ओतून वर ब्लॉक बसवले की पाणी जिरत नाही आणि मे महिन्यात खिडकीतून भट्टीची झळ येते. गाडीची जागा पक्की करा, बाकी खडीवर.

आता मोठं झाड, एक किंवा दोन

हा निर्णय घाईत घेऊ नका, कारण परत फिरता येत नाही. अक्षरशः. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या शहरी भागात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हातभर रोप लावताना कुणाच्या मनात हे येत नाही.

घराजवळ नको ते आधी सांगते. वड, पिंपळ, उंबर, यांची मुळं पाया आणि टाकी दोन्ही शोधतात. गुलमोहर देखणा खरा, पण लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी गाडीवर. नारळ पार्किंगच्या आणि पत्र्याच्या बाजूला नको. सप्तपर्णीचा वास ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबून सुखद, खिडकीखाली असेल तर डोकं धरतं. जांभूळ गाडीवर नको, डाग जात नाहीत. आणि नर्सरीवाला झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस दाखवेल, नम्रपणे नाही म्हणा. मुळं ड्रेनेजच्या लाइनीत शिरतात, परागकणांच्या तक्रारी आहेत, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

हवी ती यादी तशी सुखाची आहे. लहान आवाराला चाफा, पारिजातक, कांचन, कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, सीताफळ. पेरू लावणार असाल तर सरदार, म्हणजे एल-४९, हा वाण पुण्यातच गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रातून आलाय. लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा साई शरबती मागा. जागा मोठी असेल, भिंतीपासून १५ फूट सोडता येत असतील, तर तामण नाहीतर बहावा. तामण आपलं राज्यफूल, जांभळे तुरे एप्रिल-मेत येतात, त्याच सुमाराला बहावा पिवळा झुलतो. लहान झाडांनाही भिंतीपासून सहा-आठ फूट द्या, आज ते रोप काठीएवढं दिसतंय म्हणून कुंपणाला चिकटवू नका. दुपारनंतरचं ऊन अडवायचं असेल तर झाड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला, एसीच्या बिलात फरक दिसायला चार-पाच वर्षं लागतील पण दिसतो.

लिंबू आणि कढीपत्ता लावलात की पानं कुरतडलेली दिसतील. औषध मारायच्या आधी नीट बघा. पानावर चिमणीच्या शिटेसारखं काही चिकटलेलं असेल तर ती फुलपाखराची अळी आहे, पुढे हिरवीगार होते. निलवंत, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य-फुलपाखरू, लिंबाच्या कुळावरच वाढतं. थोडी पानं गेली तर जाऊ द्या की.

रोप निवडणं आणि लावणं

पुणेकरांना उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावर नर्सऱ्यांची रांगच आहे. बाकीच्यांनी जवळच्या कृषी महाविद्यालयाची किंवा विद्यापीठाची रोपवाटिका आधी बघावी, कलमं खात्रीची मिळतात. सर्वात उंच रोप उचलू नका. लहान पिशवीत चार फूट वाढलेलं झाड म्हणजे मुळं आत गोल गोल फिरून गुंडाळी झालेली. पिशवी उचलून तळ बघा, खालून जाड मुळं बाहेर आलेली असतील तर दुसरं घ्या. मध्यम उंची, सरळ खोड, फुलं कमी आणि नवी पालवी जास्त, असं रोप जमिनीत पटकन रुजतं.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, मे महिन्यात घेऊन उघडा ठेवा, ऊन खाऊ द्या. एक-दोन दमदार पाऊस झाले, माती वीतभर भिजली, की लावायचं. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, ओढून काढायची नाही. मातीच्या गड्ड्यावर मुळांची वेटोळी दिसली तर धारदार चाकूने बाजूने तीन-चार उभे काप द्या, जिवावर येतं पण द्या, नाहीतर ती मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात आणि झाड वाऱ्यात लटपटतं. मग गड्डा खड्ड्यात असा ठेवायचा की पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक. कलम असेल तर जोड जमिनीच्या वर चार बोटं राहिलाच पाहिजे, आणि जोडाखालून जे फुटवे येतील ते दिसल्या दिवशी मोडायचे, ते रानटी झाडाचे असतात आणि कलमाला खाऊन टाकतात. माती भरा, पायाने हलकेच दाबा, काठीला सैलसर बांधा, आळं खोडाला लागून नाही तर हातभर लांब करा. पाऊस असला तरी त्या दिवशी पाणी द्या, पाण्याने मातीतली पोकळी बसते.

झुडपं, वेली आणि मधल्या जागा

इथे मजा आहे. मागे उंच, पुढे बुटकं, हे तर सगळ्यांना कळतं. जे कळत नाही ते म्हणजे संख्या. वीस प्रकारची एकेक झाडं लावली तर ती बाग दिसत नाही, नर्सरीचा सेल दिसतो. पाच-सहा प्रकार निवडा आणि प्रत्येकी तीन-पाचच्या गटात लावा. उदाहरणार्थ उन्हाच्या वाफ्यात मागे जास्वंद आणि तगर, मधे मोगरा, पुढे सदाफुली नाहीतर बुटकी एक्झोरा. जास्वंदांत चार फूट अंतर ठेवा, मोगऱ्यात अडीच-तीन. पहिलं वर्ष टक्कल दिसेल, ते झेंडूने, गुलबाक्षीने, मुळा-मेथीने झाका.

वेलींना जागा कमी लागते आणि काम मोठं करतात. मधुमालती जोरकस आहे, तिला लोखंडी कमान लागते, बांबूची दोन वर्षांत लोळवेल. जाई-जुई खिडकीच्या ग्रिलला. गोकर्ण कुंपणाच्या जाळीला, बिया टाकल्या की आलीच. बोगनवेलीला पाण्याचे लाड करू नका, पाणी तोडलं की ती फुलते, रोज पाणी दिलंत तर पानांचं जंगल. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर-फेब्रुवारीत करून खत घाला, उन्हाळाभर फुलं. गुलाबाची छाटणी पाऊस सरला की ऑक्टोबरात.

लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर कण्हेर, पिवळी बिट्टी आणि डायफेनबाकिया टाळा, तिन्ही विषारी आहेत.

लॉनचं काय?

मी लॉनविरोधी आहे हे एव्हाना कळलं असेलच. तरी हवं असेल तर सहा तास ऊन असलेली एक छोटी जागा निवडा, बसायला १०० चौरस फूट खूप झालं. तिथली माती सहा-नऊ इंच चाळून घ्या, लव्हाळ्याच्या, म्हणजे त्या चिवट तणाच्या, गाठी हाताने वेचा, एकेक, कारण लव्हाळा राहिला तर वर्षभरात लॉन त्याचं असतं. मग गवताची तयार गादी जूनमध्ये पसरा. सावलीत गवत लावून दर वर्षी बदलण्यापेक्षा तिथे खडी, दोन फर्न आणि एक बाक टाका, पोहे खायला तीच जागा आवडते सगळ्यांना.

पहिलं वर्ष

पावसाळा संपला की खरी परीक्षा. ऑक्टोबरपासून नव्या झाडांना आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, रोज शिंपडण्यापेक्षा हे बरं, मुळं खोल जातात. एप्रिल-मेत एक दिवसाआड. वाळकी पानं झाडून पेटवू नका, खोडापासून चार बोटं सोडून आळ्यात तीन इंच पसरा.

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. पहिल्यांदा तो शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, मग पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा लिक्विड साबण, संध्याकाळी, पानाच्या मागून. आठवड्याने परत. आणि खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर समजा वर हा पाहुणा आहेच, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात, म्हणून रांग दिसली की तेव्हाच शेंडे उलटून बघायचे.